दीर्घिकांची टक्कर: खानापूरच्या रानातून बघायची कशी, लॅपटॉपवर घडवायची कशी

दोन दीर्घिका एकमेकींत घुसतात तेव्हा त्यांच्यातले तारे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. वायू मात्र वायूवर आदळतो आणि तिथेच अडतो. टकरीचं कुठलंही छायाचित्र समोर आलं की आधी हा फरक आठवा. जे दिसतंय ते ताऱ्यांचं काम आहे की वायूचं, एवढं ठरवता आलं की निम्मं चित्र उलगडतं.

खाली दोन कामं सांगितली आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीने अशा जोड्या शोधणं हे पहिलं. तीच टक्कर साध्या लॅपटॉपवर चालवून बघणं हे दुसरं. दोन्हींसाठी थोडी पूर्वतयारी लागते, ती आधी.

तारे का आदळत नाहीत

सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आणि त्याच्या सगळ्यात जवळचा तारा सुमारे ४० लाख कोटी किलोमीटरवर. साडेतीन मिलिमीटरचा ज्वारीचा दाणा म्हणजे सूर्य मानून तो बेळगावच्या किल्ल्यात ठेवला, तर शेजारचा दाणा सरळ रेषेत १०० किलोमीटरवर, म्हणजे जवळपास कोल्हापुरात पडतो. अशा दोन विखुरण्या एकमेकींतून गेल्या तर दाण्यावर दाणा पडण्याची शक्यता धरायचीच नाही. दीर्घिकेच्या गाभ्यात तारे बरेच दाट असतात, तरी निष्कर्ष बदलत नाही.

पण तारे आदळत नाहीत म्हणजे त्यांना काहीच होत नाही असं नाही. शेजारची दीर्घिका आपल्या जवळच्या कडेला जास्त ओढते, मधल्या भागाला कमी, लांबच्या कडेला त्याहून कमी. समुद्राला भरती येते ती याच फरकामुळे. इथे या फरकाने दीर्घिकेच्या चपट्या, फिरत्या तबकडीच्या दोन्ही कडांचे तारे सुटतात. जवळच्या कडेचे तारे दोन दीर्घिकांमध्ये पूल बांधतात, लांबच्या कडेचे मागे शेपटीसारखे लांबत जातात. आलार आणि जुरी तूमरे या भावांनी १९७२ मध्ये संगणकावर हे दाखवून दिलं. त्याआधी अशा शेपट्या नुसत्या गुरुत्वाकर्षणाने तयार होतील यावर अनेकांचा विश्वास नव्हता.

मग दोन्ही दीर्घिका एकमेकींतून पार होऊन निघून का जात नाहीत? याचं उत्तर सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडलेल्या गतिकीय घर्षणात आहे. जड वस्तू हलक्या कणांच्या गर्दीतून जाते तेव्हा ते कण तिच्या मागे गोळा होतात आणि तिला मागे खेचतात. दीर्घिकेभोवती न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या कृष्णद्रव्याचं मोठं प्रभामंडल, म्हणजे वेढा असतो, गर्दी मुख्यतः त्याचीच. कक्षेतली ऊर्जा त्या प्रभामंडलात जिरते, दीर्घिका परत फिरतात, पुन्हा घुसतात आणि अखेर एक होतात. पहिल्या भेटीपासून विलीन होईपर्यंत १०० कोटी वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. आपल्याला दिसते ती प्रत्येक जोडी म्हणजे या लांबलचक घटनेतला एकच क्षण.

वायूची गोष्ट वेगळी

तबकडीतल्या थंड-कोमट वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास असतो आणि दोन तबकड्या येतात सेकंदाला काहीशे किलोमीटरने. वायूला बाजूला सरायला वेळच मिळत नाही, आघात-लहर (शॉक वेव्ह) उठते. काही वायू लाखो अंशांना तापून क्ष-किरण सोडतो. दाट ढग मात्र ती उष्णता झपाट्याने प्रारित करून पुन्हा थंड होतात, आणखी दाबले जातात आणि त्यांत ताऱ्यांचे गुच्छ जन्मतात.

दुसरी गोष्ट बाहेरून लगेच लक्षात येत नाही, पण परिणाम तिचाच जास्त. टकरीमुळे तबकडीत ताऱ्यांचा एक लांबट दांडा तयार होतो आणि वायूचाही. वायू आदळत-थांबत जातो, त्यामुळे हे दोन दांडे एका रेषेत राहत नाहीत. ताऱ्यांचा दांडा वायूच्या दांड्याला मागे ओढतो, वायूचा कोनीय संवेग, म्हणजे गोल फिरत राहण्याचा जोर जातो आणि तो केंद्राकडे कोसळतो. मग केंद्रातल्या काही हजार प्रकाशवर्षांत तारे धडाधड बनू लागतात आणि तिथल्या कृष्णविवरालाही खाद्य मिळतं. आर्प २२० ही विलीन होत असलेली दीर्घिका याचा ठळक नमुना. आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे तारे बनतात, तिथे सुमारे २००. हे सगळं धुळीआड चालतं, म्हणून साध्या दुर्बिणीत ती मंदच. अशा दीर्घिकांचं खरं तेज १९८३ मध्ये सोडलेल्या ‘आयरास’ या अवरक्त उपग्रहामुळे कळलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘टक्कर झाली की तारे बनणारच’ असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं, ते तितकं खरं नाही. यूजीसी १२९१४ आणि १२९१५ (यूजीसी, एनजीसी, एम ही दीर्घिकांच्या याद्यांची नावं) या जोडीच्या तबकड्या जवळजवळ समोरासमोर आदळल्या. तारे पार निघून गेले, वायूचा मोठा भाग मधेच राहिला आणि आज तिथे वायूचा पूल दिसतो. त्या पुलात वायू भरपूर आहे, पण तो इतका घुसळलेला आहे की तिथे तारे फारसे बनत नाहीत. ‘तारे पुढे, वायू मागे’ या नियमाचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडतं. आपण लॅपटॉपवर हीच टक्कर घडवणार आहोत.

कुठून आणि कधी बघायचं

बेळगावचं अक्षांश सुमारे १५.८५ अंश उत्तर. याचा फायदा दक्षिणेकडच्या जोड्यांना होतो. दिल्लीहून क्षितिजालगत दिसणाऱ्या गोष्टी इथे चांगल्या वर येतात. पण फार आशा धरू नका. मॅजेलनचे मेघ आपल्या आकाशगंगेशी खेचाखेची करणारे सगळ्यात जवळचे शेजारी असले, तरी त्यांतला मोठा मेघ इथून जास्तीत जास्त ४ अंश वर येतो. म्हणजे रानात आणि धुक्यातच राहतो. तो नाद सोडा.

जागा निवडताना अंधार तर हवाच, पण शहराचा उजेड कुठल्या दिशेला पडतो ते जास्त महत्त्वाचं. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातून दक्षिणेला भीमगड अभयारण्याचं रान आहे, त्यामुळे दक्षिणेचं आकाश काळं मिळतं. बेळगावची प्रभा तिथून ईशान्येला असते. उत्तरेकडच्या दीर्घिका ईशान्येतून उगवतात, म्हणून त्या उगवताना शोधायला जाऊ नका. त्या मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा ओलांडून वायव्येकडे झुकल्या की दुर्बीण वळवा. अभयारण्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय थांबू नका. त्या भागात अस्वलं आहेत. ओळखीच्या माणसाची शेतवाडी किंवा गावातल्या शाळेचं पटांगण सगळ्यात बरं. तिथला एक दिवा विझवून मिळाला तरी खूप झालं.

निपाणी-चिकोडीकडे अडचण वेगळी. ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटतं आणि धूर रात्री खाली बसतो. आकाशात ढग नसतो, तरी दीर्घिका धुऊन निघाल्यासारख्या फिक्या दिसतात. शेजारी पाचट पेटलं असेल तर त्या रात्री दुर्बीण बाहेर काढू नका.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत घाटमाथ्यावर काही दिसत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी आकाश स्वच्छ, पण दव फार. आपल्या जोड्यांसाठी उत्तम काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिल अखेरीपर्यंत, अमावास्येच्या मागचे-पुढचे पाच दिवस. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळीव सुरू होतो. त्यानंतरची धुतलेली रात्र हातची घालवू नका.

दुर्बीण

२०० मिलिमीटर आरसा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेली डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण गृहीत धरली आहे. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने (डोळा लावायच्या भिंगाने) ४८ पट वर्धन आणि साधारण १ अंशाचं क्षेत्र मिळतं, शोधायला ती वापरा. १० मिलिमीटरने १२० पट, बारकाव्यांसाठी.

मार्चमध्ये दिवसा ३५ अंश आणि रात्री रानात २० च्या खाली, अशा वेळी आरसा तापलेलाच असतो आणि प्रतिमा उकळल्यासारखी हलते. दुर्बीण पाऊण तास आधी उघड्यावर ठेवा, मगच आरशांची जुळणी तपासा. डोळ्यांना अर्धा तास पूर्ण अंधार द्या. मोबाइल एकदा जरी बघितला तरी तो अर्धा तास पुन्हा मोजायचा. दिवा लाल आणि मंद. नेत्रिका खिशात ठेवल्या की त्यांवर दव धरत नाही.

तेजोमेघांसाठी विकले जाणारे फिल्टर दीर्घिकांवर चालत नाहीत. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा असतो, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर तो उजेडाबरोबरच कापतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीसमोर तर त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. ते पैसे पेट्रोलला ठेवा आणि गावाबाहेर जा.

जोड्या

पहिली शृंगिका दीर्घिका, एनजीसी ४०३८ आणि ४०३९. अंतर सुमारे ७ कोटी प्रकाशवर्षं. एप्रिलच्या मध्यावर रात्री ११ च्या सुमारास ती दक्षिणेला ५५ अंश उंचीवर असते. चित्रेच्या नैर्ऋत्येला हस्ताचा चौकोन शोधा. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिल्यावर त्याचा वरचा उजवा तारा धरा आणि तिथून साडेतीन अंश उजवीकडे आणि सुमारे दोन अंश खाली या. तिथे ५.२ प्रतीचा एक तारा आहे (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). तो नुसत्या डोळ्यांनी दिसला तर आकाश कामाचं आहे असं समजा. नाही दिसला तर जागा किंवा रात्र बदला. जोडी त्याच्या पाऊण अंश उत्तरेला.

४८ पटीला एक धुरकट डाग दिसेल, १२० पटीला तो एका बाजूने चिरलेला, कोळंबीसारखा वाकलेला वाटेल. डागाकडे थेट न बघता नजर थोडी बाजूला ठेवा, चीर तेव्हाच उमटते. ज्यांच्यामुळे हे नाव पडलं त्या दोन लांब शेपट्या २०० मिलिमीटरमध्ये डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची पृष्ठतेजस्विता, म्हणजे तेवढ्याच तुकड्यातला उजेड, आकाशापेक्षाही कमी आहे. न दिसल्या म्हणून दुर्बिणीला दोष देऊ नका. जे दिसतं त्यात तारे आणि वायू वेगळे करा. शेपट्या तबकडीच्या कडांवरून सुटलेल्या ताऱ्यांच्या आणि वायूच्या. दोन तबकड्या जिथे एकमेकींवर आल्या आहेत, त्या मधल्या पट्ट्यात वायू वायूवर दाबला गेला आहे. तिथली तारानिर्मिती दोन्ही गाभ्यांपेक्षा जोरदार आहे, पण धुळीत दडल्यामुळे ती अवरक्तात उजळते. हबल दुर्बिणीला या जोडीत हजाराहून अधिक तरुण तारकागुच्छ सापडले.

तिथून खाली नरतुरंग तारकासमूहाकडे या. एनजीसी ५१२८ एप्रिलच्या मध्यावर मध्यरात्रीनंतर, साधारण साडेबाराला, ३१ अंशांवर येते. तिच्या साडेचार अंश दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ आहे. तो नुसत्या डोळ्यांनाही धूसर ताऱ्यासारखा दिसतो, म्हणून त्याच्यापासून वर चढणं सोपं. दीर्घिका ७ व्या प्रतीची, अंतर सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आतबाहेर. गोल प्रकाशाच्या मधोमध काळा पट्टा आहे, ४८ पटीलाही तो फट पडल्यासारखा दिसतो. गोल प्रकाश जुन्या ताऱ्यांचा. तिने गिळलेल्या वायूयुक्त दीर्घिकेची धूळ आणि वायू त्या काळ्या पट्ट्यात आहे. गिळलेले तारे कधीच पसरून गेले, खोल छायाचित्रांत त्यांची मंद कवचं दिसतात. वायूने मात्र पुन्हा तबकडी धरली. तारे आणि वायू कसे वेगळे वागतात ते एका नजरेत दाखवणारी याहून सोयीची दीर्घिका आपल्या आकाशात नाही.

एम ५१ उत्तरेची. सप्तर्षींच्या शेपटाचा शेवटचा तारा मरीची, त्याच्या साडेतीन अंश पश्चिम-नैर्ऋत्येला, श्यामशबल तारकासमूहात. एप्रिलच्या मध्यावर साडेबाराच्या सुमारास ५९ अंश उंच. सर्पिलाचा गाभा आणि एनजीसी ५१९५ हा सोबती असे दोन डाग एकमेकांपासून साडेचार कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सहज दिसतात. सर्पिल भुजा दिसायला काळं आकाश आणि संयम दोन्ही लागतात. १८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांना त्या ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून दिसल्या होत्या. छायाचित्रात सोबती पिवळट दिसतो, कारण त्यात नवे तारे जवळजवळ बनत नाहीत. त्याच्यावर आडवी आलेली काळी धूळ त्याची नाही, पुढच्या सर्पिल भुजेची आहे.

एम ८१ आणि एम ८२ फेब्रुवारी-मार्चमध्ये बघा. पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत रेघ ओढून तेवढीच पुढे न्या. दोन्ही ३८ कलांवर, म्हणजे ४८ पटीच्या एकाच क्षेत्रात. एम ८२ काडीसारखी, मधे तुटलेली. जवळून झालेल्या भेटीनंतर तिच्यात तारे वेगाने बनले आणि आता वायूचे फवारे वर-खाली उडताहेत. मधला पूल डोळ्यांना दिसत नाही, कारण तो थंड हायड्रोजनचा. तो १४२० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींतच पकडता येतो. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असलेली रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या कामांत या हायड्रोजनचं मापनही येतं.

५० मिलिमीटरची स्मार्ट दुर्बीण (स्वतःच छायाचित्रं घेणारी) असेल तर १० सेकंदांच्या ३६० चित्रांची बेरीज करा, म्हणजे एक तास. दुहेरी-पट्टा फिल्टर बंद ठेवा, नाहीतर एम ५१ चा सोबती जवळजवळ गायब होईल.

लॅपटॉपवर टक्कर

पायथॉन ही संगणकभाषा आणि तिचं नमपाय हे गणिताचं ग्रंथालय एवढंच लागतं. एकक असे घ्या: गुरुत्व स्थिरांक १, प्रत्येक दीर्घिकेचं वस्तुमान १, सगळ्यात जवळच्या भेटीचं अंतर १. वस्तुमान १०,००० कोटी सूर्य आणि अंतर सुमारे ८२ हजार प्रकाशवर्षं मानलं, तर कालाचं एक एकक १८.६ कोटी वर्षांचं आणि वेगाचं एक एकक सेकंदाला १३१ किलोमीटरचं होतं.

आधी दोन बिंदू-वस्तुमानं जवळच्या भेटीच्या क्षणी ठेवा: पहिलं (-०.५, ०) वर, वेग (०, -१), दुसरं (०.५, ०) वर, वेग (०, १). वेग उलटे करून ८ एकक चालवा. अंतर साडेसातच्या आसपास जातं. तिथे वेग पुन्हा उलटे करा, ही झाली सुरुवात. थेट दूरवरून नेम धरायला गेलात तर भेटीचं अंतर हवं तसं येत नाही.

एका बिंदूभोवती ०.२, ०.३, ०.४, ०.५ आणि ०.६ त्रिज्येची कडी घाला, त्यांत अनुक्रमे १२, १८, २४, ३०, ३६ कण. या कणांना वस्तुमान नाही, ते नुसते ओढले जातात. बल काढताना अंतराच्या वर्गात ०.०५ चा वर्ग मिळवा, नाहीतर एखादा कण केंद्राजवळून गेला की गोफणीसारखा उडून जातो. मात्र वर्तुळाकार वेगही याच बदललेल्या बलावरून काढा. हे विसरलं तर कडी टकरीआधीच आकुंचन-प्रसरण पावू लागतात.

कालपायरी ०.००५. आतल्या कड्याची एक फेरी सुमारे ०.६ एककाची, तिच्यात शंभरावर पायऱ्या बसतात. प्रत्येक पायरीत अर्धा वेगबदल, पूर्ण सरकवणं, पुन्हा अर्धा वेगबदल असा क्रम ठेवा. ऑयलरची सरळ पद्धत वापरली तर ऊर्जा वाढत जाते आणि कडी आपोआप फुगतात. ती शेपटी वाटते, पण ती गणिताची चूक असते. म्हणून आधी एकटी दीर्घिका १० एकक चालवा. कडी गोल राहिली तरच दुसरी आणा.

मग दोनदा चालवा. एकदा कडी घड्याळाच्या उलट, म्हणजे सोबत्याच्या कक्षेच्याच दिशेने फिरवा, एकदा विरुद्ध. भेटीनंतर ३-४ एककांनी पहिल्यात लांब शेपटी आणि पूल दिसतील, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही. एकाच दिशेने फिरणाऱ्या कणावर सोबत्याची ओढ बराच वेळ टिकते, विरुद्ध फिरणाऱ्यावर ती पटकन निघून जाते.

आता वायू. भेटीचं अंतर ०.४ करा, ०.०५ च्या जागी ०.२ घ्या. भेटीच्या क्षणी सापेक्ष वेग ३, म्हणजे सेकंदाला सुमारे ३९० किलोमीटर येतो, प्रत्येकी १.५. दोन्ही तबकड्या या वेगाला काटकोनात ठेवा. प्रत्येक तबकडीत १,००० तारे-कण आणि १,००० वायू-कण. ताऱ्यांना काही नियम नको. वायूचे दोन कण ०.०२ पेक्षा जवळ आले आणि आणखी जवळ येत असतील, तर त्यांना जोडणाऱ्या रेषेतला सापेक्ष वेग पाचपट कमी करा. दोघांचा एकत्रित संवेग तोच राहायला हवा. २,००० वायू-कणांच्या जोड्या सुमारे २० लाख होतात, म्हणून शेजारी झटपट शोधायला सायपाय या पायथॉन ग्रंथालयातलं केडी-ट्री वापरा.

दोन गोष्टी इथे हमखास बिघडतात. एका पायरीत कण एकमेकांच्या मानाने ०.०१५ सरकतात. आदळण्याचं अंतर त्याहून लहान ठेवलं तर ते एकमेकांवरून उडी मारून जातात. आणि वायू-कण २०० च घेतले तर पाचांतला जेमतेम एकच कुठेतरी आदळतो, बाकीचे पार होतात आणि वायू ताऱ्यांसारखाच वागल्याचा भास होतो. १,००० ला सरासरी एक टक्कर प्रत्येकाच्या वाट्याला येते. तारे आणि वायू दोन रंगांत काढा, तबकड्या दूर गेल्यावर मधे कुठला रंग उरतो ते दिसेल.

या नमुन्यात दीर्घिका कधीच एक होणार नाहीत. प्रभामंडल नाही, म्हणून गतिकीय घर्षणही नाही. विलीनीकरण हवं असेल तर कृष्णद्रव्याचे निदान काही दहा हजार कण असलेली प्रभामंडलं लागतात, त्यासाठी ‘गॅजेट-४’ ही मोफत प्रणाली वापरा. आपली आकाशगंगा आणि देवयानी ही शेजारची मोठी दीर्घिका यांची टक्कर तिच्यावर चालवताना आडवा वेग थोडा थोडा बदलून बघा. देवयानी आपल्याकडे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरने येते आहे, पण आडवा वेग मोजणं अवघड. मॅजेलनचा मोठा मेघ आणि एम ३३ ही जवळची दीर्घिका यांची ओढही धरावी लागते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सगळ्या अनिश्चितता धरून पुढच्या १,००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्मीच निघाली. त्यामुळे एकाच मोजणीवर थांबू नका. आडव्या वेगाच्या निरनिराळ्या किमती देऊन निदान ५० वेळा चालवा आणि कितींदा विलीन होतात ते मोजा.